भरसमुद्रात उतरलेली बॅटरी



यंत्रविद्येच्या ग्रंथांत ज्याला एखाद्या परिच्छेदापलीकडे स्थान मिळत नाही, परंतु मासेमारीच्या प्रत्येक बंदरात ज्याची चर्चा हमखास कानांवर येते, असा एक प्रश्न आजच्या भाषणासाठी निवडला आहे. नौका किनाऱ्यापासून दूर आहे, इंजिन बंद आहे, आणि ते सुरू करण्यासाठी लागणारी बॅटरी उतरली आहे. आता काय करावे? रस्त्यावर मोटारगाडीची अशी अवस्था झाली, तर चार माणसे गोळा होतात, गाडी ढकलतात, चालक गिअर टाकतो आणि पुष्कळदा इंजिन चालू होते. चाकांना जमिनीचा आधार असतो, म्हणून ती इंजिनाला फिरवू शकतात. नौकेला असा आधार नाही. तिचा पंखा पाण्यात असतो आणि पाणी त्याला हवी तशी पकड देत नाही. शिवाय ढकलणाऱ्याने उभे कोठे राहावे, हाही प्रश्न आहेच.

आपल्या किनाऱ्यावर ही अडचण फार जुनी नाही. शिडाच्या होडीला वारा पुरे होता, आणि वारा पडला की वल्ही होती. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात एक करार झाला. त्या करारानुसार आजच्या केरळातील कोल्लमजवळ, नींदकरा व शक्तिकुळंगरा या गावांच्या परिसरात मासेमारीचे यांत्रिकीकरण करण्याचा प्रकल्प उभा राहिला. यांत्रिक नौका अन्य किनाऱ्यांवरही आपापल्या मार्गाने येत होत्याच, परंतु देशातील मासेमारीच्या इतिहासात या प्रकल्पाचे स्थान मोठे आहे. लहान डिझेल इंजिन दांडा फिरवून हाताने सुरू करता येते. पुढे नौका मोठ्या झाल्या, जाळी जड झाली, इंजिनांची शक्ती अनेक पटींनी वाढली; माणसाच्या दंडातील शक्ती मात्र होती तेवढीच राहिली. मग इंजिन फिरवण्याचे काम विजेच्या स्टार्टर मोटरकडे आले आणि त्या मोटरीबरोबर बॅटरी नौकेवर चढली.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. जुन्या धर्तीच्या डिझेल इंजिनाला, म्हणजे ज्यातील इंधनाचा पंप केवळ यांत्रिक असतो अशा इंजिनाला, एकदा ते सुरू झाले की विजेची गरजच राहत नाही. बॅटरी काढून समुद्रात टाकली तरी ते बंदरापर्यंत चालत राहील. विजेची गरज असते ती पहिल्या चार-पाच सेकंदांपुरती. (अलीकडच्या, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या इंजिनांची गोष्ट वेगळी, त्यांना वीज सतत लागते.) या चार-पाच सेकंदांचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. स्टार्टर मोटर साधारणपणे ३०० अँपिअर प्रवाह ओढते असे धरले आणि ती पाच सेकंद फिरली, तर बॅटरीतून अर्ध्या अँपिअर-तासाहूनही कमी वीज खर्च होते. बॅटरी शंभर अँपिअर-तासांची असेल, तर हा खर्च नगण्य म्हणावा लागेल. याउलट २४ वॉटचे चार दिवे १२ व्होल्टच्या बॅटरीवर रात्रभर, म्हणजे दहा तास, जळत राहिले तर ८० अँपिअर-तास संपतात. एका रात्रीच्या उजेडात इंजिन सुमारे १९० वेळा सुरू करता आले असते. म्हणूनच इंजिन सुरू करण्याने बॅटरी सहसा उतरत नाही. ती उतरते दिव्यांनी, मासे शोधणाऱ्या यंत्राने, रेडिओने. आणि नांगर टाकून, इंजिन बंद ठेवून काढलेल्या रात्री ती सर्वांत जास्त उतरते.

या बॅटरीचे मूळ स्वरूप फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते याने १८५९ साली सिद्ध केले आणि आजही ते फारसे बदललेले नाही. शिशाचे डायऑक्साइड लावलेला एक पत्रा, सच्छिद्र शिशाचा दुसरा पत्रा, आणि दोहोंमध्ये पाणी मिसळलेले सल्फ्युरिक आम्ल, असा एक घट. प्रत्येक घट सुमारे दोन व्होल्टचा, म्हणून सहा घट जोडले की बारा व्होल्टची बॅटरी होते. वीज खर्च होते तसे आम्ल पत्र्यांत शिरते आणि उरलेला द्रव पातळ होत जातो. भरलेल्या बॅटरीतील द्रवाचे विशिष्ट गुरुत्व १.२५ ते १.२८ च्या दरम्यान असते; उतरलेल्या बॅटरीत ते १.१२ च्या आसपास येते. ज्याच्याजवळ काचेच्या नळीचा गुरुत्वमापक आहे, त्याला बॅटरीची नाडी पाहता येते असे म्हणावयास हरकत नाही. केवळ व्होल्ट मोजून पुष्कळदा फसगत होते, कारण भार नसताना अर्धमेली बॅटरीसुद्धा बारा व्होल्ट दाखवते.

या अर्धमेल्या बॅटरीचे वर्तन चकवणारे असते. इंजिन फिरते, परंतु पेटत नाही. तांडेलाला वाटते की डिझेल येत नाही, आणि तो इंधनाच्या नळ्या उघडत बसतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवेला दाबतो, दाबामुळे हवा पाचशे अंश सेल्सियसच्या वर तापते आणि त्या उष्णतेने इंधन पेट घेते. पण हे सारे झपाट्याने घडले पाहिजे. इंजिन सावकाश फिरले, तर दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत निघून जाते आणि इंधन नुसते ओले राहते. तेव्हा ‘फिरते आहे, पण पेटत नाही’ या तक्रारीचे कारण इंधनात शोधण्यापूर्वी बॅटरीत शोधावे.

तथापि बॅटरीकडे वळण्यापूर्वी आणखी एक काम आहे, आणि त्याचा क्रम पहिला आहे. ते म्हणजे नांगर. इंजिन बंद पडलेली नौका स्थिर नसते; वारा आणि प्रवाह तिला नेत असतात. ताशी दीड सागरी मैल ही काही मोठी गती नव्हे, माणूस याहून जलद चालतो. परंतु सहा तासांत या गतीने नौका नऊ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ सतरा किलोमीटर वाहून जाते. पाल्कच्या उपसागरात, रामेश्वरमच्या पलीकडे, भारत आणि श्रीलंका यांच्यातील सागरी सीमा अगदी जवळून जाते. ती १९७४ व १९७६ च्या करारांनी निश्चित झाली आहे. गुजरातमध्ये ओखा-पोरबंदरकडच्या नौका सर खाडीच्या दिशेने जातात, तेथे तर सीमेचा प्रश्न सुटलेलाच नाही. इंजिन बंद पडून वाहत गेलेले मच्छीमार पलीकडच्या गस्तीनौकांच्या हाती लागले आणि महिनोन्‌महिने घरी परतले नाहीत, अशा बातम्या या दोन्ही भागांतून येत राहिल्या आहेत. पकडणाऱ्याला बॅटरी उतरली होती की माशांचा मोह पडला होता, हे दुरून कळत नाही. पश्चिम किनाऱ्याच्या इतर भागांत सीमेची भीती नसली, तरी खडकांची आणि बंधाऱ्याच्या दगडांची आहे.

यास्तव इंजिन सुरू होत नाही असे कळताच, पाणी नांगर पोहोचण्याइतके उथळ असेल तर नांगर टाकावा. दोरी खोलीच्या पाच ते सात पट सोडावी. वीस मीटर पाण्यात शंभर मीटरहून अधिक दोरी लागते. आखूड दोरीवर नांगर तळात रुतत नाही, घसरत जातो. पाणी फार खोल असेल, तर दोरीला बांधलेली टोपली किंवा जाळ्याचा गुंडाळा नाळेवरून पाण्यात सोडतात. त्याने वाहणे थांबत नाही, परंतु मंदावते, आणि नौकेचे तोंड वाऱ्याकडे राहून लाटा आडव्या अंगावर येत नाहीत. एवढे झाले की मग माणसाला विचार करण्यास अवधी मिळतो.

आता बॅटरी खरोखरच उतरली आहे काय, हे पाहावयाचे. खाऱ्या हवेत तांब्याच्या टोकांवर हिरवट आणि शिशाच्या टोकांवर पांढरी बुरशीसारखी भुकटी जमते. ती विजेला अडवते. अशा वेळी बॅटरी भरलेली असूनही मेल्यासारखी वाटते. याची परीक्षा एका दिव्याने होते. केबिनमधला दिवा लावावा आणि स्टार्टरची कळ दाबावी. दिवा हळूहळू मंद होत गेला, तर बॅटरी अशक्त आहे. कळ दाबताच दिवा एकदम विझला, तर बहुधा जोड सैल आहे किंवा गंजला आहे. दिवा तसाच तेजस्वी राहिला, तर वीज स्टार्टरपर्यंत पोहोचतच नाही, दोष कळीत वा स्टार्टरमध्ये आहे. स्टार्टरच्या आतून टक्‌ टक्‌ असा आवाज येत राहणे ही अशक्त बॅटरीची आणखी एक खूण. जोड सैल असेल, तर चाकूने टोके खरवडून घट्ट आवळली की काम भागते, आणि मग पुढचे सारे भाषण अनावश्यक ठरते. मात्र खरवडण्यापूर्वी जोड सुटा करावा आणि पाना एकाच वेळी बॅटरीच्या दोन्ही टोकांना लागू देऊ नये. तसे झाल्यास पाना क्षणात लाल होतो.

बॅटरी अशक्तच आहे असे ठरले, तरी दुसऱ्या नौकेला हाक मारण्याआधी दोन उपाय आपल्या हाती असतात. पहिला उपाय काही न करण्याचा आहे, म्हणून तो कोणाला सुचत नाही. सर्व दिवे, रेडिओ, यंत्रे बंद करावीत आणि बॅटरीला पंधरा-वीस मिनिटे विसावा द्यावा. सारखी कळ दाबल्याने पत्र्यांच्या छिद्रांतले आम्ल संपलेले असते, आणि बाहेरचे आम्ल आत झिरपण्यास वेळ लागतो. तेवढा वेळ मिळाला की बॅटरीत एखाद्या प्रयत्नापुरते बळ पुन्हा येते. घाबरलेला माणूस कळ दाबत राहतो आणि हे उरलेसुरले बळही घालवून बसतो.

दुसरा उपाय इंजिनाचा भार हलका करण्याचा. पुष्कळ लहान डिझेल इंजिनांच्या डोक्यावर एक लहानशी तरफ असते. ती उचलली की सिलिंडरची झडप उघडी राहते, हवा दाबली जात नाही आणि इंजिन सहज फिरते. महाराष्ट्रातील विहिरीवर डिझेल इंजिन वापरलेल्या शेतकऱ्यास ही तरफ सांगण्याची आवश्यकता नाही. हँडल मारताना ती उचलून धरावयाची आणि फ्लायव्हीलच्या जड चाकाने वेग घेतला की सोडून द्यावयाची, हे त्याने वर्षानुवर्षे केलेले आहे. नौकेवरही तेच करावे. हँडलची सोय असल्यास हाताने, नसल्यास अशक्त बॅटरीनेच. तरफ उचललेली असताना स्टार्टरला फारच थोडे श्रम पडतात. चाकाला गती आली की तरफ सोडावी, म्हणजे चाकातला साठलेला वेग दट्ट्याला पहिल्या दाबातून पार नेतो. हँडल मारणाऱ्याने अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवावा, मुठीला विळखा घालू नये. इंजिनाने उलटा झटका दिला, तर विळखा घातलेला अंगठा मोडतो. हलत्या फळीवर उभे राहून हे काम करावे लागते, म्हणून पाय आधी टेकवावेत, मग हात लावावा. केरळच्या किनाऱ्यावर १९८० नंतर जी आउटबोर्ड इंजिने मोठ्या प्रमाणावर आली, त्यांत लहान इंजिने दोरी ओढूनच सुरू होतात; त्या मच्छीमारांस बॅटरीची चिंता निदान इंजिनापुरती तरी नसते.

यानेही काम झाले नाही, तर वीज उसनी घ्यावी लागते. ती प्रथम आपल्याच नौकेवर मिळते काय, ते पाहावे. दिव्यांसाठी किंवा रेडिओसाठी वेगळी बॅटरी असेल, तर तिच्यासारखा जवळचा सावकार नाही. नसल्यास दुसरी नौका बोलवावी. रेडिओ हाही बहुधा त्याच उतरलेल्या बॅटरीवर चालणारा असतो, ही यातली मोठीच अडचण. हातात धरण्याचा, स्वतःची लहान बॅटरी असलेला संच जवळ असणे किती आवश्यक आहे, हे अशा वेळी कळते. व्हीएचएफच्या सोळाव्या वाहिनीवर, जीविताला तात्काळ धोका नसल्यास ‘पॅन पॅन’ हे शब्द तीनदा उच्चारून, आपले स्थान आणि अडचण सांगावी. मोबाइल लागत असेल तर भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. दोन्ही नसतील, तर बाजूंना पसरलेले हात सावकाश वर-खाली करणे हा जगभर मान्य असलेला संकटाचा इशारा आहे. तो केवळ खरोखरच्या संकटातच द्यावा. समुद्रात जीव धोक्यात असलेल्यास मदत करण्याचे कर्तव्य १९८२ च्या सागरी कायदाविषयक करारात नमूद आहे आणि भारताने तो १९९५ साली स्वीकारला. परंतु मच्छीमार मच्छीमाराच्या मदतीला धावतो तो करारातले कलम वाचून नव्हे.

मदतीला आलेली नौका पहिल्या नौकेच्या कुशीला लावणे, हे या प्रसंगातले सर्वांत धोक्याचे काम होय. विजेचे काम त्यामानाने सोपे. दोन नौका लाटेवर एकाच वेळी वर-खाली होत नाहीत. त्यांच्या मध्ये हात सापडला, तर तो चिरडतो. जुने टायर कडेला लोंबत सोडावेत, दोऱ्या पुढे-मागे दोन्हीकडे बांधाव्यात, आणि नौका दूर ढकलण्यासाठी कोणीही हात वा पाय पुढे करू नये.

मग प्रश्न येतो तारांचा. घरात दिव्याला वापरतो तसल्या तारेने बॅटरी जोडण्याचा प्रयत्न करणारे बरेच दिसतात. एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार जाऊन-येऊन दहा मीटर घेतली, तर तिचा रोध सुमारे ०.१७ ओहम भरतो. तीनशे अँपिअर तिच्यातून न्यावयाचे तर पन्नासांहून अधिक व्होल्ट लागतील. आपल्याजवळ आहेत बारा. स्टार्टर हलणार नाही आणि तार मात्र तापून वितळेल. तीच तार पस्तीस चौरस मिलिमीटर जाडीची घेतली, तर दीड व्होल्टच वाया जातात. म्हणून या कामाच्या तारा अंगठ्याएवढ्या जाड दिसतात. तसेच दोन्ही नौकांच्या बॅटऱ्या समान व्होल्टच्या आहेत ना, हे आधी विचारावे. मोठ्या नौकांवर चोवीस व्होल्टची योजना असते, आणि बाराला चोवीस जोडणे म्हणजे बॅटरी फोडण्याची तयारी करणे होय.

फोडण्याची, हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. भारित होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो शेकडा चार भाग जरी मिसळला, तरी एका ठिणगीने स्फोट होतो, आणि उडतात ते आम्लाचे थेंब व फुटलेल्या खोक्याचे तुकडे. हायड्रोजन हलका, म्हणून तो फळीच्या खाली, बॅटरीच्या पेटीच्या झाकणाशी साठतो. पेट्रोलची वाफ आणि स्वयंपाकाचा गॅस हे हवेहून जड, म्हणून ते नौकेच्या तळाशी बसतात. ठिणगीला दोन्हीकडे वाट पाहणारे कोणी ना कोणी असते. तेव्हा तारा जोडण्यापूर्वी झाकणे उघडून हवा खेळू द्यावी, गॅसची टाकी बंद करावी, विडी-काडीस मज्जाव करावा.

तारा जोडण्याचा क्रमही यातूनच ठरलेला आहे. प्रथम लाल तार उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला. तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. मग काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला. आणि शेवटी, काळ्या तारेचे उरलेले टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता, बंद इंजिनाच्या एखाद्या उघड्या, रंग नसलेल्या धातूच्या भागाला, बॅटरीपासून शक्य तितके दूर. वर्तुळ पूर्ण होताना ठिणगी पडते ती नेहमी शेवटच्या जोडावर, आणि हा शेवटचा जोड वायूपासून दूर असावा, एवढाच त्यातला हेतू. ज्या नौकांत इंजिनाचा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला नसतो, तेथे ऋण तारेच्या स्टार्टरकडील टोकाला हा जोड द्यावा. धन आणि ऋण यांची अदलाबदल झाली, तर प्रचंड ठिणगी पडते आणि आल्टर्नेटरमधील डायोड जळतात. अंधारात खूण दिसत नसेल, तर बोटांनी चाचपावे. शंकूसारखी टोके असलेल्या बॅटरीत धन टोक ऋण टोकाहून जाड असते.

जोड झाल्यावर लगेच कळ दाबण्याची घाई करू नये. मदतीच्या नौकेचे इंजिन चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, म्हणजे उतरलेल्या बॅटरीतही थोडी वीज शिरते आणि भार दोघींत वाटला जातो. मग तरफ असल्यास ती उचलून इंजिन सुरू करावे. सुरू झाल्यावर तारा उलट क्रमाने काढाव्यात.

समुद्र शांत असताना हे ठीक. थोडीही उसळी असेल, तर नौका दहा-पंधरा मिनिटे एकमेकींना चिकटून राहत नाहीत, तार ताणली जाते, चिमटा निसटतो आणि जी ठिणगी टाळण्यासाठी एवढा क्रम पाळला ती भलत्याच जागी पडते. अशा वेळी तारा देण्यापेक्षा बॅटरीच दोरीने बांधून, टोपलीत उभी ठेवून पलीकडे देणे अधिक शहाणपणाचे. त्याला एखादे मिनिट लागते, आणि मग नौका दूर होऊ शकतात. मात्र पंचवीस-तीस किलो वजनाची, आम्लाने भरलेली वस्तू लाटेवर हाताळणे हा पोरखेळ नव्हे, आणि देणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये: आपले इंजिन चालू असताना त्याची एकमेव बॅटरी सोडवून देऊ नये. बॅटरी नसलेल्या आल्टर्नेटरमध्ये व्होल्ट एकदम उसळतात आणि डायोड निकामी होतात. ज्याच्याजवळ दुसरी बॅटरी आहे, त्यानेच ती उसनी द्यावी.

आम्ल अंगावर उडाले, तर भरपूर पाण्याने धुवावे. गोडे पाणी उत्तम, परंतु ते शोधण्यात वेळ जात असेल तर समुद्राचे पाणी आहेच. डोळ्यांसाठी मात्र पिण्याच्या पाण्याचा पिंप रिता करावा लागला तरी करावा, आणि बराच वेळ धूत राहावे. फळीवर सांडलेल्या आम्लावर खाण्याचा सोडा टाकतात. एक गोष्ट उलटी आहे: बॅटरीतले पाणी कमी झाले म्हणून तिच्यात समुद्राचे पाणी कधीही घालू नये. मीठ आणि बॅटरीतील रसायने एकत्र आली की क्लोरीन हा विषारी वायू निघतो. पाणबुड्यांवरील खलाशांना या वायूची मोठी धास्ती असे, कारण त्यांच्या बॅटऱ्यांच्या कोठारात समुद्राचे पाणी शिरणे नेहमीच शक्य होते.

इंजिन सुरू झाले, म्हणजे बॅटरी भरली असे नव्हे. वीस अँपिअर प्रवाह मिळाला तरी शंभर अँपिअर-तासांची बॅटरी भरण्यास पाच तासांहून अधिक वेळ लागतो. बंदराकडे तोंड करावे आणि धक्क्याला लागेपर्यंत इंजिन बंद करू नये. जाळे पाण्यात आहे, मासा लागतो आहे, म्हणून आणखी दोन तास थांबण्याचा विचार मनात येतो. तो सोडून द्यावा.

अलीकडच्या वर्षांत लिथियमची, हातात मावणारी, इंजिन सुरू करून देणारी साधने बाजारात आली आहेत. ती उपयुक्त आहेत, मात्र कोरडी आणि भरलेली ठेवली तरच. त्याहून जुना आणि भरवशाचा मार्ग म्हणजे दोन बॅटऱ्या आणि त्यांच्यामध्ये एक फिरकी कळ. एक बॅटरी इंजिनासाठी राखून ठेवावयाची, दुसरीवर दिवे, रेडिओ आणि सारा संसार. रात्री नांगरावर असताना कळ दुसरीवर फिरवली की पहाटे पहिली भरलेलीच असते. ही कळ फिरवण्याचे काम नौकेवरील एकाच माणसाकडे नेमून द्यावे. सर्वांचे काम ते कोणाचेच नसते. इंजिन चालू असताना मात्र ती ‘बंद’ या खुणेवर जाऊ देऊ नये, त्याचे कारण वर आलेच आहे.

नव्या हंगामाच्या पहिल्या फेऱ्यांत बॅटरी उतरण्याचे प्रकार अधिक घडतात, यात नवल नाही. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. मिरकरवाडा असो वा वेरावळ, नौका ओढून ठेवलेल्या, ताडपत्र्यांनी झाकलेल्या असतात. जाळी दुरुस्त होतात, तळाला रंग लागतो, इंजिनाची तेलपाणी होते; बॅटरी मात्र जागच्या जागी पडून राहते. पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरत जाते, उष्णतेत अधिक वेगाने, आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली की तिच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण खडे धरतात, जे पुढे भारित करूनही विरघळत नाहीत. तेव्हा नौका ओढतानाच बॅटरी सोडवून घरी न्यावी, पूर्ण भरावी, महिन्यातून एकदा पुन्हा भरावी, ऊर्ध्वपातित पाणी पत्र्यांच्या वर बोटभर राहील असे पाहावे. नारळी पौर्णिमेला ती नौकेवर परत चढवताना टोके घासून, त्यांवर ग्रीसचा पातळ हात द्यावा, आणि आवळण्याचा पाना पेटीतच, दोरीने बांधून ठेवावा.